ट्रेव्हरला संत्रं चालत नाही

वूलाच्या फळांच्या दुकानात नोलीन एक खरबूज हातात धरून बराच वेळ उभी होती. तिने ते कानाशी नेऊन हलवलं, देठाशी नाक लावून वास घेतला, अंगठ्याने दाबून बघितलं आणि परत ठेवून दिलं. मग पुन्हा उचललं.

"लग्न लावायचंय का गं त्याच्याशी?" गल्ल्यावरून वूला म्हणाली.

नोलीन ओशाळली. या गावात येऊन तिला चार वर्षं झाली होती, आणि एवढ्या काळात वूला तिच्याशी 'पिशवी हवी का' याच्यापुढे कधी गेली नव्हती.

"ट्रेव्हरसाठी हवंय," ती म्हणाली. "मऊच लागतं त्याला. बारीक चिरून द्यावं लागतं, नाहीतर घशात अडकतं."

"मग संत्री ने की. आजच बागेतून आलीत, साखर आहेत नुसती."

"ट्रेव्हरला संत्रं चालत नाही. आंबट काहीच चालत नाही. पोट बिघडतं त्याचं, आणि मग सगळं निस्तरायला मी एकटी."

वूलाचा गल्ल्यावरचा हात थांबला. "वय काय म्हणायचं त्याचं?"

"सहा."

दुकानातला शीतपेयांचा जुना फ्रिज त्याच वेळी नेहमीसारखा घरघरला आणि वूलाला ऐकू आलं, साठ.

"साठ म्हणजे काय आजकाल," असं ती पुटपुटली, पण फ्रिज अजून चालूच होता, त्यामुळे तेही नोलीनला धड ऐकू आलं नाही.

इथे सांगायला हवं की ट्रेव्हर हा सरडा होता. दाढीवाला सरडा. शेपटीसकट हातभर लांब, मातकट रंगाचा, गळ्याखाली काट्याकाट्यांची दाढी असलेला. लॉक्स्टनच्या, म्हणजे याच गावाच्या, आसपास कुंपणाच्या खांबांवर असे सरडे ऊन खात बसलेले कुणीही बघितलेले असतात, त्यामुळे त्याचं कुणाला अप्रूप वाटायचं कारण नव्हतं. नोलीनचा मुलगा एड्रियन पश्चिमेकडच्या खाणीत कामाला गेला तेव्हा जाताना काचेची पेटी, उबेचा दिवा आणि ट्रेव्हर आईच्या बैठकीच्या खोलीत ठेवून गेला. जाताना बजावून गेला, "आई, पाला रोज. फळ म्हणजे त्याचं सणासुदीचं जेवण, आठवड्यातून एकदोनदाच, नखाएवढे तुकडे करून. अ‍ॅव्होकॅडो दाखवायचंसुद्धा नाही, विष असतं ते त्याला."

तेव्हापासून एड्रियन दर रविवारी फोन करायचा आणि पहिला प्रश्न विचारायचा, "ट्रेव्हर कसा आहे?" पुष्कळदा खाणीतला सिग्नल दुसऱ्या प्रश्नाच्या आतच जायचा.

नोलीन आणि तिचा नवरा कीथ निवृत्त झाल्यावर नदीकाठी राहायचं म्हणून अ‍ॅडलेडहून इथे आले होते. कीथला मासे धरायचे होते. त्याने गळ घेतला, होडी घेतली, रबराचे बूट घेतले, आणि सहा महिन्यांत तो गेला. एकही मासा न धरता. नोलीन राहिली. गाव वाईट नव्हतं. पण इथल्या घरांचे एकमेकांशी पिढ्यान्‌पिढ्यांचे संबंध होते. कुणाचं आडनाव सांगितलं की लोक त्याच्या पणजोबाच्या द्राक्षबागेपर्यंत पोचायचे. नोलीनचं आडनाव सांगितलं की लोक "हं" म्हणायचे आणि हवेबद्दल बोलायचे.

तर वूलाने पुढे विचारलं, "दिवसभर करतो काय?"

"खिडकीशी ऊन खात पडून असतो. भिंतीकडे बघत."

"बोलतो?"

नोलीनला वाटलं, ही गंमत करतेय. तिनेही गमतीत उत्तर दिलं. "छे. फार तर मान हलवतो. तेही मनात आलं तर."

वूला गल्ल्यामागून बाहेर आली. तिने नोलीनच्या हातातलं खरबूज काढून बाजूला ठेवलं आणि तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. वूलाचे हात गरम आणि जरा चिकट होते, जर्दाळूंचा वास येत होता त्यांना. "माझ्या बाई," ती म्हणाली, "आणि तू हे सगळं एकटीने करतेस. माझा सासरा असाच गेला. शेवटी शेवटी चमच्याने भरवायचो आम्ही."

तेव्हा कुठे नोलीनच्या डोक्यात प्रकाश पडला. सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही तिने. पण कीथच्या अंत्यविधीनंतर कुणी तिचा हात असा धरला नव्हता, आणि खरं सांगितलं की हा हात लगेच सुटणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं. तिने विचार केला, अजून थोडा वेळ. मग सांगू.

तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं आणि सांगायचं राहिलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात ग्लेनिस शिर्मर उभी होती, हातात झाकलेलं भांडं. ग्लेनिस ही चर्चच्या महिला मंडळाची प्रमुख. अंगाने भरभक्कम, आवाज त्याहून. गावात कुणी आजारी पडलं की डॉक्टरच्या आधी ग्लेनिसला कळतं असं लोक म्हणत, आणि डॉक्टरही म्हणत.

"वूलाने सांगितलं मला," दारातूनच ती म्हणाली. "इतके दिवस तू बोलली कशी नाहीस? आम्ही काय परके आहोत?"

चार वर्षं परकेच होते, पण ते बोलायची ही वेळ नव्हती.

"ग्लेनिस, अगं, ऐक जरा. ट्रेव्हर म्हणजे..."

"मला काही ऐकायचं नाही. मला फक्त एवढं सांग, डॉक्टरांनी खायला काय सांगितलंय. पथ्य मोडून घालायचं नाही मला."

ग्लेनिसच्या बोलण्यात स्वतःचं वाक्य घुसवणं म्हणजे चालत्या गाडीत उडी मारण्यासारखं होतं. नोलीनने दोनदा प्रयत्न केला आणि मग विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर देऊन टाकलं. "हिरवा पाला रोज. फळ आठवड्यातून दोनदा, साल काढून, अगदी बारीक करून. मीठ नाही, साखर नाही. आंबट तर मुळीच नाही."

"बिचारा," ग्लेनिस म्हणाली. "भेटता येईल?"

"नको. अनोळखी माणूस दिसलं की बिथरतो तो. दाढी काळी पडते त्याची."

"काळी? मग एरवी?"

"एरवी मातकट."

"रंग लावतो वाटतं," ग्लेनिस समजुतीने म्हणाली. "असू दे. पुरुषांना असतो एकेकाला नाद."

ट्रेव्हर नोलीनचा कोण हे कुणी विचारलंच नाही; भाऊ असावा असं सगळ्यांनी धरून घेतलं, आणि संध्याकाळपर्यंत महिला मंडळाने वार वाटून घेतले. सोमवारी वूला, मंगळवारी पोस्टातली बाई, असं करत गुरुवार ग्लेनिसने स्वतःकडे ठेवला. रोज दाराची घंटी वाजू लागली. रोज एक झाकलेलं भांडं आत येऊ लागलं, आणि भांड्यातलं सगळं ट्रेव्हरच्या पथ्याचं: मीठ नाही, साखर नाही, आणि घशात अडकू नये म्हणून वाटून गुळगुळीत केलेलं. ट्रेव्हर तर या असल्या लगद्याकडे ढुंकून बघत नव्हता. एवढ्या कष्टाने केलेलं टाकवेना, म्हणून ते नोलीन खायची. दुधी भोपळा आहे की कोंबडी, हे तिला कधी कधी भांड्यावरच्या चिठ्ठीवरून कळायचं. दोन महिन्यांत तिचं वजन उतरलं, आणि सगळ्या बायका एकमेकींत म्हणू लागल्या की सेवा करून करून बिचारी खंगली.

पण घंटी वाजायची. नोलीन आता सकाळी उठून केस विंचरायची, ओठांना किंचित रंग लावायची आणि दाराच्या आतल्या बाजूला उगाचच काहीतरी पुसत उभी राहायची. घंटी वाजली की मनात पाच आकडे मोजून मग दार उघडायची, वाट बघत होतो असं दिसू नये म्हणून.

"कसा आहे आज?" दारातली बाई विचारायची.

"आज बरा आहे. सकाळी थोडी पपई खाल्ली."

"झोप?"

"झोपतो. एक डोळा उघडा ठेवून."

"काळजी असते बाई त्यांच्या मनाला," असं म्हणून ती बाई भांडं देऊन जायची. ट्रेव्हरची शी कशी होते इथपर्यंत चौकशी व्हायची. नोलीनला कसं वाटतंय, हे मात्र कुणी विचारत नव्हतं. विचारणार तरी कशाला? आजारी ती नव्हती. एका संध्याकाळी काचेच्या पेटीसमोर बसून ब्लूबेरीचे चार तुकडे करता करता ती ट्रेव्हरला म्हणाली, "तुझं बरं आहे रे. अख्खं गाव तुला विचारतं." ट्रेव्हरने ब्लूबेरी खाल्ली आणि भिंतीकडे बघितलं. आपल्याला एका सरड्याचा हेवा वाटतोय, हे लक्षात आल्यावर नोलीनला हसू आलं. मग हसणारी आपण एकटीच आहोत हे लक्षात आलं आणि ते ओसरलं.

*

मग केल्विन लांगे आला. केल्विन म्हणजे गावातल्या निवृत्त पुरुषांच्या सुतारशाळेचा म्होरक्या. कानामागे पेन्सिल, हातात मोजपट्टी.

"नोलीनबाई, ग्लेनिस म्हणाली पायरीवरून उतार बांधून द्या. चाकाच्या खुर्चीसाठी."

"खुर्ची नाही लागत त्याला."

"मग चालतो कसा?"

नोलीन खोटं बोलायचं कटाक्षाने टाळत होती. तिचा तो एक नियम होता: कुणी विचारलं तर ट्रेव्हरबद्दल जे खरं असेल तेच सांगायचं. "चालतो की," ती म्हणाली. "चारी पायांवर. मनात आलं तर पळतोसुद्धा."

केल्विनने मोजपट्टी गुंडाळली. "चारी," तो म्हणाला.

"हो."

"ठीक आहे," असं म्हणून तो गेला, आणि दोन दिवसांनी सुतारशाळेतल्या चौघांनी येऊन नोलीनच्या व्हरांड्यात, पडवीत आणि मागच्या दारी गुडघ्याएवढ्या उंचीवर लाकडी कठडे ठोकून दिले. रांगणाऱ्या माणसाला धरायला. नोलीन त्या कठड्यांना रोज ठेचकाळायची.

आता मात्र तिची झोप उडाली. प्रकरण फार लांब गेलं होतं. शब्दाने खोटं न बोलता तिने गावाला पुरतं फसवलं होतं, आणि हे तिला कळत होतं. येत्या सोमवारी वूलाला सांगायचं असं ती ठरवायची. सोमवारी वूला यायची, दारात आपल्या सुनेची उणीदुणी काढत अर्धा तास बोलायची, जाताना नोलीनच्या गालाचा पापा घ्यायची, आणि नोलीन पुढचा सोमवार ठरवायची.

*

फेब्रुवारीत द्राक्षं तयार झाली आणि ग्लेनिसच्या डोक्यात आलं की ट्रेव्हर माणसांना भेटत नाही तर नको, निदान खिडकीबाहेरून त्याला दोन भजनं तरी ऐकवावीत. नोलीनने नको म्हटलं. ग्लेनिसने ते नम्रपणा म्हणून घेतलं. गुरुवारी सकाळी सगळ्या जणी आल्या, भारदस्त आवाज हवा म्हणून केल्विनलाही आणलेलं. नोलीन दार अडवून उभी राहिली.

ट्रेव्हरला त्या वेळी पेटीत ठेवायला हवं होतं. पण रोजची ती त्याची ऊन खायची वेळ होती. तो खिडकीशी सोफ्याच्या पाठीवर डोळे मिटून पडला होता, आणि जाड पडद्याच्या आड असल्याने बाहेरून दिसत नव्हता. उकाड्याने खिडकी उघडी होती. ग्लेनिसने आपल्या बागेतल्या द्राक्षांची परडी आणली होती. ती तिने पडद्याखालून हात घालून आतल्या बाजूला खिडकीच्या कट्ट्यावर सरकवली. "उठला की दिसेल त्याला," ती वूलाला म्हणाली.

भजन सुरू झालं. सगळ्यांनी डोळे मिटले. नोलीननेही मिटले, कारण न मिटणं बरं दिसलं नसतं. दुसऱ्या कडव्याला तिला आतून पाय ओरबाडल्याचा ओळखीचा आवाज आला. तिने मागे वळून बघितलं.

ट्रेव्हर परडीत उभा होता. त्याने एक द्राक्ष अख्खं तोंडात घेतलं होतं, सुपारीएवढं, आणि ते ना आत जात होतं ना बाहेर येत होतं. त्याचा जबडा वासलेला, डोळे गरगर फिरत होते.

नोलीन नुसती किंचाळली. "अरे देवा, द्राक्ष अडकलं. ट्रेव्हरच्या घशात द्राक्ष अडकलं."

भजन मधल्याच ओळीवर तुटलं. वूलाने छातीवर क्रूसाची खूण केली. केल्विनने खिशातून फोन काढून रुग्णवाहिकेला कळवलं, "साठीचा माणूस, आजारी, श्वास कोंडलाय," आणि फोन खिशात टाकून, तोवर आत धावलेल्या नोलीनच्या मागोमाग तो घुसला. त्याच्यामागे ग्लेनिस, तिच्यामागे सगळं मंडळ.

बैठकीच्या खोलीत नोलीन जमिनीवर गुडघे टेकून बसली होती. तिच्या हातात सरडा होता आणि ती त्याला म्हणत होती, "ट्रेव्हर, राजा, तोंड उघड. ट्रेव्हर, माझ्याकडे बघ."

ग्लेनिसने कपाळाला हात लावला. "धक्का बसलाय तिला," ती दबक्या आवाजात म्हणाली. "भ्रमिष्ट झालीय. केल्विन, तू आतल्या खोल्या बघ."

केल्विनने झोपायची खोली बघितली. पलंगाखाली बघितलं, रांगणारा माणूस कुठेही जाऊ शकतो म्हणून. न्हाणीघराचं दार लोटलेलं होतं, पण घाईत ते त्याला बंद वाटलं आणि त्याने त्याला खांद्याने धडक दिली. दार सहज उघडलं आणि केल्विन थेट न्हाणीच्या टबात जाऊन पडला. "इथे नाही," टबातून त्याचा आवाज आला.

"कपाटात बघ."

"कपाटात कसा असेल?"

"बघ म्हणते ना."

तेवढ्यात रुग्णवाहिका आली. एक उंच मुलगा आणि एक ठेंगणी, चष्मेवाली मुलगी पेटी घेऊन धावत आत आली. "पेशंट कुठे आहे?"

सगळ्यांनी वेगवेगळ्या दिशांना हात केले. नोलीनने आपले दोन्ही हात वर उचलले. "हा," ती म्हणाली. "हाच ट्रेव्हर. दुसरं कुणी नाही या घरात. लवकर कर गं बाई, जाईल तो."

मुलीने सरड्याकडे बघितलं, नोलीनकडे बघितलं. उंच मुलाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तोवर मुलीने गुडघे टेकून पेटीतून लांब चिमटा काढलाही होता. "डोकं खाली धरा. हलू देऊ नका." तिने चिमटा हळूच आत सरकवला आणि बेताने ओढला. द्राक्ष सुटलं, टप्‌दिशी पडलं आणि घरंगळत जाऊन ग्लेनिसच्या बुटाशी थांबलं. ट्रेव्हरने एक मोठा श्वास घेतला, आपली दाढी फुगवली, आणि सगळ्या जमावाच्या डोळ्यांदेखत ती कोळशासारखी काळी झाली.

"काळी पडली," ग्लेनिस हळूच म्हणाली.

केल्विन टबातून निघून दारात येऊन उभा राहिला होता. त्याने सरड्याचे पाय बघितले. चार होते.

"साठ?" वूलाने विचारलं.

"सहा," नोलीन म्हणाली. "सहाच म्हटलं होतं मी."

"मग त्याच दिवशी का नाही गं सांगितलंस?"

नोलीनने ट्रेव्हरला पोटाशी धरलं होतं. वर न बघता ती म्हणाली, "तू माझा हात धरला होतास."

वूलाने आपल्या हातांकडे बघितलं. चष्मेवाल्या मुलीने पेटी बंद केली, "द्राक्षं पुढच्या वेळी चिरून द्या," एवढंच सांगितलं आणि ती दोघं गेली. मग एकेक करून बायका निघाल्या. कुणी रागावून बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं. ग्लेनिसने द्राक्षांची परडी उचलली, स्वयंपाकघरात जाऊन मागच्या आठवड्यातलं आपलं भांडं घेतलं, ते पुरेसं घासलंय का ते उजेडात धरून बघितलं आणि ती गेली.

*

शुक्रवारी घंटी वाजली नाही. शनिवारीही नाही. रविवारी एड्रियनचा फोन आला. ट्रेव्हर कसा आहे, असं त्याने विचारल्यावर नोलीनने सगळं सांगितलं. एड्रियन हसत सुटला. हसता हसता त्याला खोकला आला, मग तो फोन बाजूला धरून मित्रांना सांगू लागला, "अरे, माझ्या आईने रुग्णवाहिका बोलावली सरड्यासाठी," आणि तिकडे चारपाच जण हसले. नोलीनही थोडी हसली. मग सिग्नल गेला.

सोमवारी दिवसभर ती दाराशी कान देऊन होती. वूला आली नाही. पाला संपला तेव्हा नोलीन गाडी काढून पार पलीकडच्या बेरी गावात गेली आणि तिथल्या मोठ्या दुकानात, जिथे कुणी काही विचारत नाही अशा ठिकाणी, घेऊन आली. रस्त्यात तिने मनाशी पक्कं केलं: इथून पुढे असत्याच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही. अर्धसत्यसुद्धा नको. जे आहे ते सरळ सांगायचं, एकटं पडलो तरी चालेल. तसंही, याहून एकटं पडायला आता जागा उरली नव्हती.

गुरुवारी सकाळी तिने केस विंचरले नाहीत. घंटी वाजली तेव्हा ती घरातल्या झग्यातच होती. पाच आकडे न मोजताच तिने दार उघडलं.

दारात ग्लेनिस उभी होती, हातात भांडं.

"बाजूला हो, पोळतंय," ग्लेनिस म्हणाली आणि आत आली. व्हरांड्यातल्या कठड्याला तिचा गुडघा लागला. "हे केल्विनला सांग काढायला. काय मेलं नसतं खूळ."

"ग्लेनिस, पण ट्रेव्हर..."

"मला कळलंय ट्रेव्हर कोण ते. मी काय आंधळी आहे?"

"मग?"

ग्लेनिसने भांडं टेबलावर ठेवलं. "मग काय? गुरुवार माझा आहे." तिने दोन ताटल्या स्वतःच शोधून काढल्या. "मटणाचा पाय आहे. मीठ घातलंय आज, मिरीही घातलीय."

नोलीन उभीच राहिली. "तुझ्या घरी एवढी वर्दळ असते. तूच म्हणतेस, क्षणाची उसंत नाही."

ग्लेनिस भांड्यात डाव फिरवत राहिली, गरजेपेक्षा जास्त वेळ. "म्हणते खरी," ती म्हणाली. "म्हणायला काय जातं. मुलगे नाताळाला येतात, दोन दिवस. बाकी मंडळाचं काम असतं. आजारी कुणी असलं तर बरं पडतं, जायला कारण असतं." तिने मोठा तुकडा नोलीनच्या ताटलीत वाढला. "गेल्या गुरुवारनंतर मी विचार करत बसले की आता पुढच्या गुरुवारी काय करायचं. काही सुचलं नाही. बस. गार होतंय."

त्या जेवल्या. नोलीनने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मीठ जरा जास्तच झालं होतं, आणि ते तिने सांगितलंही, कारण आता खरंच बोलायचं होतं. ग्लेनिसने नाक मुरडलं आणि म्हणाली, "दोन महिने बिनमिठाचं गिळलंस, तेव्हा नाही बोललीस."

जेवण झाल्यावर ग्लेनिसने पिशवीतून द्राक्षांचा एक लहान घोस काढला. "कशी चिरायची दाखव. पुन्हा तो तमाशा नको."

नोलीनने दाखवलं. बी काढायची, उभं चिरायचं, मग आडवं, मग पुन्हा. ग्लेनिस चष्मा नाकावर ओढून, जीभ दातांत धरून चिरत बसली. मग एका बशीत ते तुकडे घेऊन ती सोफ्यापाशी गेली आणि ट्रेव्हरवर वाकली. एवढी मोठी बाई एवढ्या जवळ आलेली बघून ट्रेव्हर जागच्या जागी थिजला. मग त्याने पुढचा एक पाय सावकाश वर उचलला आणि हवेत गोल फिरवला. एकदा, पुन्हा एकदा.

"अगं, हे काय करतोय?" ग्लेनिसने विचारलं.

नोलीनला माहीत होतं. एड्रियनने सांगितलं होतं. आपल्याहून दांडगा प्राणी समोर आला की हे सरडे असा हात हलवतात, आणि त्याचा अर्थ एवढाच असतो की तू मोठा, मी लहान, मला खाऊ नकोस.

ग्लेनिस वळून तिच्याकडे बघत होती. द्राक्षांची बशी तिने अजून तशीच पुढे धरली होती.

"तुला नमस्कार करतोय," नोलीन म्हणाली. "ओळखलं त्याने तुला."

ग्लेनिसचा चेहरा हळूहळू लाल झाला. तिने बशी सोफ्यावर ठेवली, खिडकीबाहेर कुणी बघत नाही ना ते बघून पडदा थोडा ओढून घेतला, आणि तितक्याच सावकाश आपला हात वर करून त्याला परत नमस्कार केला.